वळ

अनंताच्या कळ्या यंदा न उमलताच गळायला लागल्या.
हिरव्या, पिळदार, टोक काढलेल्या,
सकाळी झाडताना हिराच्या झाडूपुढे घरंगळायच्या
आणि मी त्या मोजायचो. सतरा. बावीस. एके दिवशी चाळीस.

तीन खोडांपैकी दोन ठीक.
समुद्राकडचं तेवढं पिवळं:
शिरा हिरव्या, मधलं पान हळदीत बुडवल्यासारखं.

इनास कुंपणावर कोपर टेकून म्हणाला,
"खारो वारो लागलो. दुसरा काय नाय.
माझ्या बापाशीचो फणस असोच गेलो."
इनासचं निदान कायम वाऱ्यापाशी येऊन थांबतं.
त्याचे गुडघे, त्याचा रेडिओ,
मस्कतला गेलेला मुलगा, सगळं वारो.

वेंगुर्ल्याच्या बाजारात, खतांच्या दुकानातल्या पोराने
पान उजेडाकडे धरलं.
"लोह कमी पडतंय, काका."
लोह? या जांभ्यात?
इथे पाय धुतले तरी मोरीत गंज उतरतो!
"असतं हो, पण झाडाला मिळत नाही."
पुडी घेतली. दोनदा फवारली.
पानांवर डाग पडले, माझ्या लुंगीवर पडले,
पिवळं ते पिवळंच.

शालनने पान उलटं केलं.
खाली पिठ्या ढेकूण, कापूस पिंजल्यासारखा.
जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, तीन रविवार.
पिठ्या गेला.
कळ्या गळतच होत्या.

नारळी पौर्णिमेनंतर एकदा
हातातला चष्मा पडला म्हणून मी खाली बसलो,
आणि या झाडासमोर पहिल्यांदाच
माझे डोळे त्याच्या खोडाइतके खाली आले.

तार होती.
सालीने दोन्ही बाजूंनी ओठ मिटून घेतलेले,
मधे अर्धा वीतभर उघडी, काळी पडलेली.
वर खोड सुजलेलं, खाली बारीक.
पानांनी शिजवलेलं अन्न मुळांकडे उतरायचं
ते इथे येऊन अडायचं, किती वर्षं कोण जाणे.

गाठ ओळखू आली.
तीन पीळ, आणि टोक आत वळवलेलं,
कुणाला लागू नये म्हणून.
अशी गाठ या गावात मी एकटाच मारतो.
मेघना झाली त्या पावसात
लंगोट वाळवायला वलणी हवी होती, घाई होती.

बत्तीस वर्षं लाइनमन.
उन्हात तार सैल पडते, थंडीत आखडते,
ढील ठेवा रे, ढील ठेवा,
नव्या पोरांना खांबाखाली उभं राहून ओरडायचो.

पक्कडीने तार तोडली. उघडी होती तेवढीच.
गिळलेली ओढली असती तर साल आली असती सोबत.
ती राहू दे आत.

शालन सुजलेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली,
पोट तपासतात तसा.
तिच्या माहेरी कलमांचा धंदा.
"हे खोड जाईल," म्हणाली, "पण बघा,
इथे मुळं फुटायला बघतायत.
साल सोलायचं काम तुमच्या तारेने केलंच आहे.
गुटी बांधू."

भिजवलेला काथ्या, मूठभर शेणखत,
दुधाची पिशवी कापून धुतलेली.
मी सवयीने तारेचं भेंडोळं आणलं.
तिने नुसतं बघितलं.
सुंभ घेऊन आलो.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी प्लॅस्टिकच्या आत
शेवयांसारखं काहीतरी पांढरं दिसलं.
शालन म्हणाली, अजून नाही, अजून पंधरा दिवस.
मेघनाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली,
बाबा, कुठली वलणी? मला नाही आठवत.

मला तरी कुठे.
तारेला दोन टोकं असतात.
दुसरं कुठे बांधलं होतं?
संध्याकाळी परसात
एकेका झाडाच्या कमरेला हात लावत फिरतो.
पेरू नाही. जाम नाही.
रातांब्यापाशी अंधार होतो.